डी२ स्टील म्हणून भंगार चाकू माथी मारला, घडीचा मोठा चाकू घेणाऱ्यांनी वाचा

द्राक्षबागेत खिशात मावेल असा दणकट घडीचा चाकू लागतोच. ठिबकची १६ एमएमची नळी कापायची, खताच्या गोण्या फोडायच्या, मंडपाच्या सुतळ्या, मल्चिंग पेपर, कधी बांबूची खुंटी तासायची, आणि प्रत्येक वेळी कोयता कमरेला लावून शिडीवर चढणं धोक्याचं. म्हणून चार इंची पातं, जाड पाठ आणि पक्कं लॉक असलेला चाकू शोधत होतो तर मोबाईलवर जाहिरात आली, एका नामांकित परदेशी कंपनीचं नाव, वेबसाइटसुद्धा हुबेहूब त्यांच्यासारखी, एमआरपी ७,९९९ आणि आज फक्त १,४९९, खाली मोठ्या अक्षरात 'ओरिजिनल डी२ स्टील, कधीच गंजणार नाही'.

आता हे डी२ म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण सगळी लबाडी याच नावावर चाललीय. हे टूल स्टील आहे, कारखान्यात डाय-पंच म्हणजे पत्रा कापायचे साचे बनवायला वापरतात, कार्बन साधारण दीड टक्का आणि क्रोमियम बारा टक्क्यांच्या आसपास. पण त्यातलं बरंचसं क्रोमियम कार्बनबरोबर कार्बाइड नावाच्या कडक कणांत अडकून राहतं, गंज अडवायला मोकळं कमी उरतं, त्यामुळे ते पूर्ण स्टेनलेस होत नाही, ओलं ठेवलं की डाग पडतात. धार मात्र खूप टिकते. म्हणजे डी२ पण आहे आणि गंजत पण नाही असं जो छातीठोकपणे सांगतो तो खोटं विकतोय हे पक्कं.

पार्सल कॅश ऑन डिलिव्हरीचं होतं पण पैसे दिल्याशिवाय उघडू देत नाहीत, त्यामुळे त्या सोयीचा काहीच उपयोग नाही. बॉक्सवर आयात करणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, कुठल्या देशात बनला ते नाही, एमआरपी नाही. बाहेरून आलेल्या पॅकबंद मालावर हे सगळं छापणं कायद्याने बंधनकारक आहे. पात्यावर मात्र डी२ ठळक कोरलेलं.

आमच्या बागेत काम करणारे मामा त्याने नळी कापत होते, पातं नळीत अडकलं, सोडवायला मागं रेटलं तर पात्याच्या पाठीवर जोर आला आणि लॉक सटकून पातं थेट बोटांवर मिटलं. हातमोजा होता म्हणून वरवरच्या जखमेवर निभावलं, नाहीतर बोट गेलं असतं. पंधराशे रुपयांचं मला एवढं वाटत नाही, पण अशी वस्तू कष्टकरी माणसाच्या हातात देणाऱ्याचा मला फार राग आहे.

मग अंबडच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये असलेल्या मित्राकडे नेला. त्याने स्क्रू काढून दाखवलं, पात्याला अडवणारी आतली पट्टी कागदासारखी पातळ, आणि ती पात्याच्या बुडाला नुसती कोपऱ्यावर टेकलेली. कानस मारली तर लोखंड सरसर निघालं. हार्डनेस (कडकपणा) मोजायच्या मशीनवर रॉकवेल सी मापात ५१ आलं, डी२ चा चांगला चाकू ५८ ते ६० च्या आसपास असतो. चुंबक लावून बघू नका, खऱ्या डी२ ला आणि अशा हलक्या स्टीलला दोन्हीला चिकटतं, त्यातून काही कळत नाही.

वेबसाइटवरच्या नंबरला फोन केला तर पुढचा सापळा तयारच. गोड बोलून आधी म्हणे चाकू ठेवा, दोनशे परत करतो, मी पूर्ण पैसे मागितल्यावर म्हणे एक ॲप टाका, स्क्रीन दिसली की रिफंड करतो, आधी पाच रुपये पाठवून खातं व्हेरिफाय करा. मी फोन कापला. असं ॲप टाकलं की तुमचा ओटीपी त्यांना दिसतो आणि खातं रिकामं होतं. कुणाचे पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम पुढच्या खात्यांत फिरवली जाते.

चाकू दुकानात जाऊनच घ्या, हातात घेऊन बघता आला पाहिजे. उघडून पातं डावी-उजवीकडे हलवा, खुळखुळ वाटली तर ठेवून द्या. मग बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवून पाठ लाकडावर हलकेच दोन-तीनदा आपटा, लॉक हललं तर तो चाकू फुकट मिळाला तरी नको. आतली पट्टी जाड आहे का आणि पात्याच्या बुडावर पूर्ण बसते का ते उजेडात धरून बघा. स्टीलचं नाव काहीही कोरता येतं, त्यावर जाऊ नका, बिल मागा. आणि ज्याला रोज बांबूच तासायचाय त्याने घडीचा घेऊच नये, लोहाराकडून ट्रकच्या कमानपाट्याचा करून घ्यावा, त्यात मिटायला काही नसतंच.

मी १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकलीय, बॉक्स, लेबल, जाहिरातीचे स्क्रीनशॉट सगळं जपून ठेवलंय. ती वेबसाइट आता उघडत नाही, पण तोच फोटो आणि तीच किंमत दुसऱ्या नावाने परत फिरताना दिसतेय. तुमच्याकडे असं पार्सल आलं असेल तर कुरियरचं लेबल फेकू नका, त्यावरचा पिकअपचा पत्ता तक्रारीत घाला.