विंडोज ११ मधील क्लिपबोर्ड : पदरमोड न करता मिळणारी सोय

नौपाड्यातील आमच्या करसल्लागार कार्यालयात जीएसटी विवरणपत्रे भरताना व्यापाऱ्याचा क्रमांक, बिलाची तारीख आणि रक्कम एकामागोमाग कॉपी करून ठेवली जाते आणि विंडोज व व्ही या कळा एकत्र दाबताच क्लिपबोर्डमधील, म्हणजे कॉपी केलेला मजकूर तात्पुरता साठवणाऱ्या जागेतील, ती सारी यादी समोर येते. विंडोज १० मध्ये २०१८ साली आलेली ही सोय अनेकांच्या गावीही नाही. प्रथम ती चालू करावी लागते. यादीत २५ नोंदी मावतात, मात्र संगणक पुन्हा सुरू केल्यावर पिन केलेल्याच, म्हणजे जपून ठेवण्यासाठी खूण केलेल्याच, तेवढ्या उरतात. कॉपी केलेला पासवर्डही तिथे उघडा दिसू शकतो, त्यामुळे सामायिक संगणकावर ती बंद असलेलीच बरी.