फिस्टुला की मानेतली नळी? हृदयाच्या बाजूने विचार

डायलिसिसच्या रुग्णांचे सर्वाधिक मृत्यू हृदयविकाराने होतात आणि त्यामागोमाग जंतुसंसर्गाने. ही दोन कारणं वेगळी मोजली जातात, पण शरीरात त्यांचं साटंलोटं असतं. संसर्ग झाला की दाह, म्हणजे शरीराच्या आतली सूज (इन्फ्लमेशन), वाढतो, आणि दाह रेंगाळला की रक्तवाहिन्यांचं अस्तर खराब होत जातं. म्हणून डायलिसिससाठी रक्त कुठून घ्यायचं हे ठरवताना हृदयाचाही विचार व्हायला हवा.

मानेतली नळी, म्हणजे कॅथेटर, सोयीची खरी. टाकली त्याच दिवशी डायलिसिस करता येतं, दर वेळी सुया टोचून घ्याव्या लागत नाहीत. त्यामुळे ‘आता हीच राहू दे’ असं अनेकांना वाटतं. पण तिचं एक टोक त्वचेबाहेर आणि दुसरं थेट हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यापाशी असतं. दर डायलिसिसला तिची टोपणं उघडली जातात. आतून जंतूंचा चिकट थर धरतो, आणि तिथे औषध नीट पोहोचत नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियससारखा जंतू या वाटेने रक्तात शिरला तर हृदयाच्या झडपेवर ठाण मांडू शकतो. ताप नसतानाही सीआरपी (रक्तातलं दाहाचं माप) वाढलेलं राहू शकतं. नळीवाले रुग्ण मुळातच जास्त आजारी असतात, त्यामुळे सगळा दोष नळीचा नाही. तरीही संसर्गाचा धोका तिच्यातच सर्वात जास्त.

फिस्टुलात आपलीच धमनी आपल्याच शिरेला जोडतात. 1966 पासून रूढ झालेली ही पद्धत संसर्गाच्या बाबतीत आजही सर्वात सुरक्षित मानली जाते. मात्र तो तयार व्हायला साधारण 6 ते 8 आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त, आणि काहींचा तयारच होत नाही. शिवाय त्यातून रक्त जोरात वाहतं, त्याचा भार हृदयावर पडतो. हृदयाचं पंपिंग कमी असेल तर आधी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या आणि हृदयरोगतज्ज्ञांचं मत घ्या.

शिरा बारीक असतील तर ग्राफ्ट, म्हणजे धमनी आणि शिरेमध्ये त्वचेखाली बसवलेली कृत्रिम नळी. संसर्गाचा धोका कॅथेटर आणि फिस्टुला या दोन्हींच्या मधला. बंद पडलेला जुना ग्राफ्ट हातात तसाच राहिला असेल तर तोही छुपा दाह चालू ठेवू शकतो, हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

‘कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे ना’ एवढ्यावर विसंबू नका. 4डी (2005) आणि ऑरोरा (2009) या अभ्यासांत डायलिसिसच्या रुग्णांचं कोलेस्टेरॉल स्टॅटिनने, म्हणजे याच गोळीने, उतरलं, पण हृदयविकाराच्या घटना ठळकपणे कमी झाल्या नाहीत. गोळी मनाने बंद करू नका. पण दाहाचं मूळ शोधायचं काम त्याने टळत नाही.

हाताशी काही महिने असतील आणि हृदय साथ देत असेल तर मी फिस्टुलाच सुचवेन. नळी टाकावीच लागली तर ती कधी काढणार, हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. डायलिसिस चालू असताना थंडी वाजून ताप आला तर तापाची गोळी घेऊन घरी जाऊ नका. लगेच सांगा आणि अँटिबायोटिक सुरू होण्याआधी ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का ते पाहणारी तपासणी) घेतलं जाईल याकडे लक्ष द्या.