ब्लूबेरी घ्यावी की जांभळं? खर्च करण्याआधी एवढं बघा

ब्लूबेरी आता फक्त मॉलमध्ये मिळते असं नाही, मोबाइलवर मागवली की घरपोच येते. पण १२५ ग्रॅमच्या डबीला जेवढे पैसे पडतात, तेवढ्यात किलोभर पेरू येऊन वर सुटे उरतात. तब्येतीसाठी म्हणून हा खर्च करावा, की त्याच रंगाचं आपलं जांभूळ पुरे? माझं मत आधीच सांगते. हंगामात जांभूळ खा, उरलेल्या वर्षात परवडत असेल तर बिनसाखरेची फ्रोजन ब्लूबेरी घ्या, आणि सुकवलेली गोड ब्लूबेरी दुकानातच राहू द्या.

दोन्ही फळांचा गडद रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यांचा. ब्लूबेरीची सगळी कीर्ती मुख्यतः त्यावरच उभी आहे, आणि तिच्यामागे बऱ्यापैकी अभ्यास आहेत हे मान्य करायला हवं. इंग्लंडमधल्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठाच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मेटाबॉलिक सिंड्रोम (सुटलेलं पोट, वाढलेला रक्तदाब, साखर, चरबी असे त्रास एकत्र) असलेल्या ५० ते ७५ वयाच्या लोकांना सहा महिने ब्लूबेरीची पूड दिली होती. रोज एक कप, म्हणजे १५० ग्रॅम फळाइतकी पूड घेणाऱ्यांच्या रक्तवाहिन्यांचं काम सुधारलं. अर्धा कप घेणाऱ्यांत तो फरक दिसला नाही. इन्सुलिन रेझिस्टन्स, म्हणजे शरीराने इन्सुलिनला नीट दाद न देणं, तर दोन्ही गटांत जिथल्या तिथे राहिला. या चाचणीला अमेरिकेतल्या ब्लूबेरी उत्पादकांच्या संस्थेचा पैसा होता, हेही लक्षात असू द्या.

आता हिशेब करा. रोज १५० ग्रॅम म्हणजे रोज एका डबीहून जास्त. ओट्सवर सजावटीला टाकलेल्या आठ-दहा दाण्यांकडून हृदयाच्या रक्षणाची अपेक्षा करण्यात अर्थ नाही.

मधुमेहाबाबत हार्वर्डच्या संशोधकांचा २०१३ चा अभ्यास नेहमी पुढे केला जातो. १,८७,३८२ लोकांच्या नोंदींत, आठवड्याला तीनदा ब्लूबेरी खाण्याशी टाइप २ मधुमेहाचा धोका २६ टक्क्यांनी कमी असल्याचा संबंध दिसला. फळांचा रस पिणाऱ्यांत मात्र धोका थोडा जास्तच होता. पण ही निरीक्षणं आहेत. ब्लूबेरीमुळेच मधुमेह टळला, असं त्यातून सिद्ध होत नाही.

जांभळामागे एवढा पुरावा उभा नाही. मधुमेहावर जांभळाच्या बियांची पूड घरोघरी सांगितली जाते, पण तिच्या भरवशावर गोळ्या कमी करू नका. गोळ्यांसोबत घ्यायचीच असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला, साखर फार खाली जाऊ शकते. फळ म्हणून मात्र जांभूळ कुठेही उणं नाही. १०० ग्रॅम ब्लूबेरीत ५७ कॅलरी आणि सुमारे १० ग्रॅम साखर असते, जांभळाच्या कॅलरीही साधारण तेवढ्याच. आणि ‘क’ जीवनसत्त्व हवं असेल तर या दोघांनाही बाजूला ठेवा. ब्लूबेरीत ते १०० ग्रॅममागे १० मिलिग्रॅमच्या आसपास असतं, पेरूत २०० च्या वर.

जांभळाची खरी अडचण टिकण्याची. पालघरच्या बहाडोलीच्या आणि बदलापूरच्या जांभळांना भौगोलिक मानांकन मिळालंय, पण हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा, आणि आणलेली जांभळं दुसऱ्या दिवशी पाणी सोडायला लागतात. जास्त मिळाली तर मिठाच्या पाण्यात धुऊन, बिया काढून गर डब्यात भरून फ्रीजरमध्ये टाका. लहान मुलं आणि कवळी लावणारे आजी-आजोबा यांच्यासाठी बिनबियांची ब्लूबेरी सोयीची, यात वाद नाही. नुकतंच वरचं खायला लागलेल्या बाळाला तीही चिरडून द्या, अख्खा दाणा घशात अडकू शकतो.

न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळींचा हिशेब वेगळा. त्याच राज्यातल्या व्हाइट्सबॉग गावात शेतकरी एलिझाबेथ व्हाइट आणि वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी लागवडीच्या ब्लूबेरीचं पहिलं पीक बाजारात नेलं ते १९१६ मध्ये. जून-जुलैत शेतावर जाऊन स्वतः तोडून आणता येते. तिथे ताजीच घ्या, जांभळासाठी झुरू नका. आपल्याकडे ती महाग पडते, कारण झाडाला चांगली आम्लधर्मी माती लागते आणि बहुतेक माल दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशासारख्या ठिकाणांहून सतत थंड ठेवून आणावा लागतो.

ताजी घ्यायचीच तर डबी हलवून बघा. दाणे सुटे फिरले पाहिजेत. सालीवरची पांढुरकी झाक हा फळाचाच मेणासारखा थर, तो असला तर चांगलं. देठाशी लालसर दाणे असतील तर सोडा, तोडल्यानंतर ब्लूबेरी गोड होत नाही. धुवा ती खाताना, आधी धुऊन ठेवली की बुरशी धरते.

फ्रोजनमध्ये अँथोसायनिन चांगलं टिकतं आणि एक दाणा वाया जात नाही. रात्रीच विरजलेल्या दह्यात मूठभर घालून दहा मिनिटं ठेवली की रस सुटून दही जांभळं होतं. साखर लागत नाही. सोडा घातलेल्या पॅनकेकमध्ये टाकली तर भोवती हिरवट-निळसर डाग येतात. तो सोड्याचा परिणाम आहे, फळ खराब नाही. सुकवलेल्या पाकिटाच्या मागे घटकांची यादी वाचा: साखर पहिल्या दोन नावांत असेल तर ते पाकीट मिठाईच्या हिशेबात धरा. ‘ब्लूबेरी क्रश’च्या बाटलीलाही हीच कसोटी.

वॉरफेरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ब्लूबेरी एकदम खूप वाढवू नका, तिच्यात ‘के’ जीवनसत्त्व असतं आणि ते गोळीचा परिणाम कमी करू शकतं.