क्रूझसाठी घेतलेला ‘मिनी एसी’

बायपास झाल्यापासून बाबांना उकाडा अजिबात सोसत नाही. त्यामुळे एप्रिलमध्ये आईबाबांना मुंबई-गोवा क्रूझवर न्यायचं ठरलं, तेव्हा मला एकच घोर लागला होता, केबिन तापली तर? लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात ही भीती मी बोलून दाखवली आणि तिथेच फसले.

“ताई, जहाजावर सेंट्रल एसी. आपल्या हातात काही नसतं,” असं म्हणत दुकानदाराने जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र काढलं. मोबाइलच्या चार्जरवर चालतं, पाणी-बर्फ घालायचा, १० मिनिटांत खोली १६ डिग्री. तोंडासमोर धरलं तर खरंच गार झुळूक आली. सोबत सर्ज प्रोटेक्टरवाला एक्स्टेन्शन बोर्ड. मिळून ३,९०० रुपये, रोख.

बोर्ड बॅलार्ड पिअरच्या टर्मिनलवर सामान तपासतानाच काढून घेतला. जहाजावर आगीची भीती फार, म्हणून बऱ्याच क्रूझवर असे बोर्ड चालत नाहीत. तिकिटासोबतच्या यादीत तसं लिहिलेलंही होतं.

यंत्र मात्र आत गेलं. रात्रभर चालवलं. पहाटे बाबा उठून बसले होते, धाप लागल्यासारखं होत होतं. चादरी दमट, आरसा धुरकटलेला, हवा कोंदट. त्यांना तसं बघून माझ्या पोटात गोळा आला.

आत होता फक्त एक छोटा पंखा आणि ओला स्पंज. नागपूरचा कूलरही असाच चालतो. पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता घेतं. पण तिथली हवा कोरडी, शिवाय कूलर खिडकीत बसवलेला, दमट हवेला बाहेर जायला वाट असते. समुद्रावरच्या केबिनमध्ये ती वाफ जाणार कुठे? खरा एसी खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. १ टनाचा एसी साधारण साडेतीन हजार वॅट उष्णता काढतो. माझं यंत्र होतं १० वॅटचं, आणि गरम हवा बाहेर सोडायला त्याला पाइपच नव्हता. “ह्याची गरम हवा कुठून बाहेर जाते?” एवढं तरी मी दुकानात विचारायला हवं होतं.

सकाळी केबिन साफ करणाऱ्या मुलाने जहाजाच्या एसीने केबिन गार का होत नव्हती, याचं खरं कारण दाखवलं. समुद्राचा वारा यावा म्हणून आम्ही बाल्कनीचं दार उघडलं होतं आणि रात्री नुसतं ओढून घेतलं, खटका लागलाच नव्हता. अनेक जहाजांवर दार उघडं राहिलं की त्या केबिनचा एसी आपोआप थांबतो. त्याने दार घट्ट लावलं, उन्हाकडचे पडदे ओढले, भिंतीवरचा थर्मोस्टॅट २२ वर आणला. तासाभरात बाबांनी शाल मागितली. “आपल्या हातात काही नसतं” हेही खोटंच निघालं.

परत येऊन दुकानात गेले तर “आम्ही कूलरच विकला” म्हणाला. बिल म्हणून दिलेल्या चिठ्ठीवर ‘फॅन १ नग’, ना दुकानाचं नाव, ना जीएसटी क्रमांक. खोक्यावर उत्पादकाचं नाव-पत्ताही नाही, जो कायद्याने छापावाच लागतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार केली आहे, पण रोख दिल्यामुळे पैसे दिल्याचा पुरावाच माझ्याकडे नाही. यूपीआयने दिले असते तर निदान नोंद राहिली असती.

परवा त्याच दुकानाबाहेर एक आजोबा तसंच यंत्र हातात घेऊन उभे होते. मी त्यांना बाजूला घेऊन झाकण उघडलं आणि आतला स्पंज दाखवला.