कॉलेज वाचवायचंय, तर फाईल कोणत्या आमदाराकडे न्यायची?

तालुक्याचं कॉलेज डळमळायला लागलं की मंडळी सवयीनं विधानसभेच्या आमदारांकडे जातात. निवेदन दिलं जातं, फोटो निघतो, आमदार तिथल्या तिथं कोणाला तरी फोन लावतात. पुढच्या जूनमध्ये बी.ए.चा पहिल्या वर्षाचा वर्ग पुन्हा अर्धा रिकामा असतो. आमदार कामाचे नाहीत असं दर वेळी नसतं. बऱ्याचदा दुखणं एक असतं आणि दार भलत्याचंच ठोठावलेलं असतं.

विदर्भातल्या कोणत्याही गावाला निदान तीन आमदार असतात: विधानसभेचे, पदवीधर मतदारसंघाचे आणि शिक्षक मतदारसंघाचे. विधानसभेचे आपल्या एका मतदारसंघापुरते. पदवीधर आणि शिक्षक आमदार मात्र अख्ख्या महसूल विभागाचे. अमरावती विभागात ५ जिल्हे आणि विधानसभेच्या ३० जागा, सिंदखेडराजापासून वणीपर्यंत. नागपूर विभागात ६ जिल्हे आणि ३२ जागा, काटोलपासून सिरोंचापर्यंत. स्थानिक विकास निधी तिघांनाही सारखाच, वर्षाला ५ कोटी. म्हणजे पदवीधर आमदारांकडे सभागृह मागायला जाणं म्हणजे तीस मतदारसंघांच्या रांगेत उभं राहणं. हे ध्यानात ठेवलं तरी निम्मी धावपळ वाचते.

पोरंच येत नसतील तर

इथं विधानसभेचे आमदार, दुसरं कोणी नाही. कारण प्रश्न बहुतेक वेळा एसटीचा असतो, आणि आगार व्यवस्थापक तालुक्याच्या आमदारांचा फोन जितक्या लवकर उचलतो तितका दुसऱ्याचा नाही.

घडतं असं. मुलगी बारावीपर्यंत मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसनं येते, नाहीतर अहिल्याबाई होळकर योजनेच्या मोफत पासवर. बारावी झाली की दोन्ही सवलती एकाच दिवशी संपतात. साधी एसटी तिच्या फाट्यावर सकाळी साडेनऊला येते, कॉलेज भरतं आठला. घरचे म्हणतात, राहू दे. कॉलेजच्या दप्तरी याची नोंद ‘मुलींची उच्च शिक्षणाबद्दल अनास्था’ अशी होते, हे वेगळंच.

आमदारांकडे नुसती ‘बस सुरू करा’ ही मागणी नेली तर ती तिथंच विरते. एका कागदावर चार रकाने करा: गाव किंवा फाटा, तिथून येणारे किंवा येऊ शकणारे विद्यार्थी, आत्ताच्या फेरीची वेळ, हवी ती वेळ. परतीची फेरी विसरू नका. जाणारी बस मिळते आणि येणारी मिळत नाही म्हणून कितीतरी फेऱ्या महिन्याभरात रिकाम्या पडून बंद झाल्या आहेत. नवी गाडी मागण्यापेक्षा असलेल्या फेरीची वेळ बदलून मागा, म्हणजे आगाराला चालक-वाहक शोधावे लागत नाहीत. विभाग नियंत्रकांना पत्र आमदारांच्या सहीनं जावं, मेच्या अखेरीपर्यंत. आणि प्राचार्यांना विचारा, कॉलेजचीच वेळ एक तास पुढं ढकलता येईल का. त्याला तर कोणाचंच पत्र लागत नाही.

दुसरं कारण अकरावीत दडलेलं आहे. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. खेड्यातल्या पालकानं नेट कॅफेत पसंतीक्रम भरताना गावचं कॉलेज तिसऱ्या क्रमांकावर टाकलं, की पोरगं दुसरीकडे गेलं. त्यातच नाव गावच्या कनिष्ठ महाविद्यालयात आणि मुक्काम अकोल्याच्या क्लासला, हा प्रकार. पट कागदावर भरलेला दिसतो; पण ही पोरं बी.एस्सी.ला गावात परत येत नाहीत. त्या पटाकडे बघून निश्चिंत बसलेल्या संस्थेला तीन वर्षांनी घाम फुटतो.

शिक्षक नसतील तर

आधी कॉलेजच्या मान्यतेचं पत्र काढून वाचा. अनुदानित आहे की ‘कायम विनाअनुदानित’? २००१ च्या धोरणानंतर मंजूर झालेली बहुतेक कॉलेजं दुसऱ्या प्रकारात मोडतात. तिथं एका कॉलेजसाठी शासनाकडून पद आणून देणं कोणत्याही आमदाराच्या हातात नाही. तो राज्याच्या धोरणाचा विषय आहे. कोणी आश्वासन देत असेल तर ऐकून घ्या आणि दुसऱ्या कामाला लागा.

अनुदानित कॉलेजात पदं रिक्त असतील तर शिक्षक आमदार सर्वांत उपयोगाचे. कार्यभार उच्च शिक्षण सहसंचालकांकडून तपासून घ्यायचा, बिंदुनामावली (कोणतं पद कोणत्या आरक्षणाचं याची नोंदवही) मागासवर्ग कक्षाकडून प्रमाणित करून घ्यायची, मग शासनाचं ना-हरकत, मग जाहिरात, मग विद्यापीठाची निवड समिती: ही साखळी त्यांच्या कार्यालयातल्या माणसांना तोंडपाठ असते. फाईल बहुधा बिंदुनामावलीवर अडते. निवृत्त झालेल्यांच्या नोंदी जुळत नाहीत म्हणून कक्ष ती परत पाठवतो आणि संस्थेचा लिपिक ती कपाटात ठेवतो. विधानसभेच्या आमदारांचा फोन इथं फारसा चालत नाही, कारण अडकलेली गोष्ट कोणाच्या मर्जीची नसते, रजिस्टरमधल्या आकड्याची असते. कनिष्ठ महाविद्यालयाचं खातंच वेगळं: शालेय शिक्षण, संचमान्यता (पटावरून ठरणारी शिक्षकांची पदं), शिक्षण उपसंचालक. दोन्हींचं मिळून एक निवेदन केलं तर दोन्ही कार्यालयं ते एकमेकांकडे ढकलतात.

पण शिक्षक आमदारांकडे जाताना एक गोष्ट स्पष्ट बोलून घ्या. त्यांचे मतदार शिक्षक आहेत, गाव नाही. कॉलेज बंद झालं आणि तिथल्या प्राध्यापकांचं दुसऱ्या कॉलेजात समायोजन झालं, तर मतदारांचा प्रश्न सुटला. गावचा तसाच राहिला. म्हणून निवेदनात ‘शिक्षकांना न्याय मिळावा’ असं मोघम लिहू नका. ‘याच परिसरात, याच विषयांची पदं भरावीत’ असं लिहा. शिवाय शिक्षक मतदारांच्या यादीत नाव येण्यासाठी माध्यमिक किंवा त्यावरच्या संस्थेत गेल्या ६ वर्षांत किमान ३ वर्षं शिकवलेलं असावं लागतं आणि पूर्णवेळ असल्याचा दाखला लागतो. तासिका तत्त्वावरचे म्हणूनच बहुधा बाहेर राहतात. ज्या कॉलेजात सगळेच असे तासिकेवरचे, म्हणजे सीएचबीवाले, त्या कॉलेजचा आवाज तिथं आपोआप बारीक होतो.

सभागृहात कोणाचा प्रश्न जास्त लागतो

तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अर्धा तास चर्चा ही हत्यारं दोन्ही सभागृहांत आहेत. फरक संख्येचा आहे. विधानसभेत २८८ सदस्य; पदवीधर आणि शिक्षक आमदार बसतात त्या विधान परिषदेत ७८. परिषदेत बोलायची पाळी लवकर येते, आणि शिक्षणावर बोलणं हे पदवीधर-शिक्षक आमदारांचं रोजचंच काम. उलट, अनुदानाच्या मागण्यांवर मतदान आणि कपात सूचना फक्त विधानसभेत. धोरणाचा किंवा रखडलेल्या निर्णयाचा प्रश्न परिषदेतून न्यावा, पैशाच्या तरतुदीचा विधानसभेतून, असा आमचा सरळ सल्ला.

प्रश्नाचा मसुदा आमदारांच्या स्वीय सहायकावर सोडू नका. साचा ठरलेला आहे: अमुक तालुक्यातील अमुक महाविद्यालयात इतकी पदे इतक्या वर्षांपासून रिक्त आहेत, हे खरे आहे काय? असल्यास, त्याबाबतचा प्रस्ताव सहसंचालक कार्यालयात अमुक दिनांकापासून प्रलंबित आहे, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? जावक क्रमांक आणि तारीख अचूक हवी. रिक्त पदं ७ असताना ८ लिहिलीत की उत्तर येतं, ‘हे खरे नाही’, आणि पुढचे सगळे उपप्रश्न ‘प्रश्न उद्भवत नाही’ या तीन शब्दांत निकाली निघतात. चुकीच्या आकड्यानं खात्याला कायदेशीर सुटका मिळते, यापेक्षा वाईट काही नाही.

लक्षवेधीवर मंत्र्यांनी सभागृहात आश्वासन दिलं तर ते आश्वासन समितीकडे जातं. आमदारांच्या भाषणाच्या चित्रफितीपेक्षा त्या आश्वासनाची कार्यवृत्तातली प्रत मागून घ्या. सहसंचालकांच्या टेबलावर तीच चालते. नागपूरचं हिवाळी अधिवेशन बहुधा डिसेंबरात असतं आणि प्रश्नांच्या सूचना कित्येक आठवडे आधी जातात. म्हणून कागद दिवाळीच्या आधी आमदारांच्या हातात हवेत. यशवंत स्टेडियमवरून मोर्चा काढायचा तर काढा. पण मंत्र्यांकडे शिष्टमंडळ नेलं तर हातात द्यायला दोनच पानं असावीत.

संस्थेलाच कॉलेज नको असेल तर

याबद्दल गावात कोणी उघड बोलत नाही. रस्त्याला लागून पाच-सात एकर जागा, आजूबाजूला प्लॉट पडलेले, आणि संस्थाचालकांची पुढची पिढी पुण्यात. अशा वेळी पट घटला हे कारण असतं की निमित्त, ते तपासावं लागतं.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ प्रमाणे संस्थेला कॉलेज परस्पर बंद करता येत नाही. विद्यापीठाकडे कारणांसह अर्ज करावा लागतो, सार्वजनिक पैशातून काय उभं राहिलं ते सांगावं लागतं. मदत देऊन किंवा दुसऱ्या व्यवस्थापनाकडे सोपवून कॉलेज टिकेल का, हे विद्यापीठानं पाहायचं असतं. शासनाची सहमती लागते, आणि बंद करायचंच ठरलं तर पहिलं वर्ष आधी, शिकत असलेल्या मुलांना धक्का न लावता. हा टप्पा विद्यापीठात घडतो: संत गाडगेबाबा अमरावती, राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर किंवा चंद्रपूर-गडचिरोलीसाठी गोंडवाना. त्यांच्या अधिसभेवर (सिनेटवर) विधानसभेचे २ आणि परिषदेचा १ सदस्य नामनिर्देशित असतो. आपल्या विद्यापीठावर ते तिघे कोण, हे कुलसचिव कार्यालयातून कळतं. ते तुमच्या मतदारसंघाचे नसले तरी या एका कामासाठी तेच बरे. निवडून आलेल्या १० पदवीधर सदस्यांपैकी कोणी ओळखीचं असेल तर त्यालाही गाठा.

जागेचा बंदोबस्त वेगळा. न्यासाची स्थावर मालमत्ता विकायला सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. तिथं माजी विद्यार्थी हरकत नोंदवू शकतात. जागा शासनानं शैक्षणिक कामासाठी दिलेली असेल तर सातबाऱ्यावर अट असते, आणि शर्तभंगाची चौकशी जिल्हाधिकारी लावू शकतात. इथं विधानसभेच्या आमदारांचं पत्र जोर धरतं. मात्र तेच जर तालुक्यातल्या दुसऱ्या संस्थेचे अध्यक्ष किंवा संचालक असतील, तर पदवीधर आमदारांकडून सुरुवात करा. विदर्भात ही शक्यता गृहीत धरूनच चालावं.

आणि निधी

लोक सर्वांत आधी मागतात ती गोष्ट आम्ही मुद्दाम शेवटी ठेवली आहे. आमदार निधीतून पगार किंवा आवर्ती खर्च होत नाही, आणि सभागृह बांधून पट वाढल्याचं क्वचितच दिसतं. खासगी संस्थेच्या जागेवर काय चालतं यावर बंधनं आहेत, म्हणून शिफारसपत्र घेण्याआधी जिल्हा नियोजन अधिकाऱ्यांकडे बाब अनुज्ञेय आहे का ते विचारा. मग आमदारांचं पत्र, कार्यान्वयन यंत्रणेचं अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा. रखडतं ते दोन ठिकाणी: सातबारा संस्थेऐवजी कै. संस्थापकांच्याच नावावर, किंवा मध्येच आचारसंहिता. त्यापेक्षा पोचरस्ता, बसथांबा, दिवे ही कामं ग्रामपंचायत किंवा नगरपंचायतीच्या जागेवर घेतली तर अडत नाहीत आणि मुलींना उपयोगीही पडतात. चंद्रपूर, वणी, गडचिरोली पट्ट्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी आहे, शिक्षण त्यात प्राधान्याचं क्षेत्र आहे. तिकडची किल्ली पालकमंत्री आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे.

कोण खरंच काम करतं

वह्यावाटप, रोगनिदान शिबिर, दहीहंडी यांवरून काही ठरवू नका. १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज जिल्हा नियोजन कार्यालयात टाका आणि गेल्या ३ वर्षांत त्या आमदारांनी शिक्षणाच्या कोणत्या कामांची शिफारस केली याची यादी मागा. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. विधानमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नांच्या याद्या चाळा. उच्च शिक्षणावर एकही प्रश्न न विचारलेला आमदार तुमच्या कॉलेजसाठी पहिला प्रश्न विचारेल, ही आशा जरा महागच.

पदवीधर आमदार तुमचं किती ऐकतील, हे तुमच्या तालुक्यात नोंदलेल्या पदवीधरांवरही ठरतं. ही मतदारयादी दर निवडणुकीला नव्यानं होते. मागच्या वेळचं नाव पुढं चालत नाही. डिसेंबर २०२० मध्ये भरलेल्या नागपूर पदवीधर आणि अमरावती शिक्षक या जागांची मुदत डिसेंबर २०२६ मध्ये संपते. नावनोंदणीचा अर्ज पदवीधरांसाठी नमुना १८, शिक्षकांसाठी १९. अर्हता दिनांक १ नोव्हेंबर, आणि पदवीला त्या दिवशी ३ वर्षं पूर्ण झालेली हवीत. माजी विद्यार्थ्यांची यादी कॉलेजच्या कार्यालयात असतेच. पदवी प्रमाणपत्राच्या साक्षांकित प्रती आणि रहिवासाचा पुरावा गोळा करून अर्ज तहसीलमध्ये वेळेत द्या. नोव्हेंबरात सगळे कापूस वेचणीत असतात, तेव्हा हे काम पोळ्याच्या आसपास सुरू केलेलं बरं.