पीसीजीएस आणि एनजीसी : अनेक महिन्यांच्या वापरानंतर ग्रेडवर कितपत विसंबावे?

नाण्यांचे ग्रेडिंग करणाऱ्या, म्हणजे नाणे अस्सल आहे का आणि किती चांगल्या स्थितीत आहे ते ठरवणाऱ्या, कंपनीवर किती विश्वास ठेवावा, हा प्रश्न संग्राहक पहिले नाणे पाठवण्याआधी विचारतो; उत्तर मात्र नाणी परत आल्यावर, त्यांतली काही पुन्हा पाठवून पाहिल्यावर आणि एक-दोन विक्रीला काढल्यावरच मिळू लागते. मी न्यू जर्सीत राहतो आणि गेले बरेच महिने पीसीजीएस व एनजीसी या दोन्ही अमेरिकी कंपन्यांच्या सेवा वापरतो आहे. माझ्या संग्रहात अमेरिकेचे जुने चांदीचे मॉर्गन डॉलर आणि ब्रिटिश हिंदुस्थानचे चांदीचे रुपये अशी दोन्ही प्रकारची नाणी असल्यामुळे या कंपन्यांची पारख एका ठिकाणी किती पक्की आणि दुसऱ्या ठिकाणी किती सैल आहे, हे शेजारी शेजारी ठेवून पाहता आले.

दोन्ही कंपन्यांची पद्धत साधारण सारखीच आहे. नाणे मालकाच्या नावापासून वेगळे केले जाते, एकाहून अधिक परीक्षक आपापला ग्रेड देतात, शेवटचा निर्णय एक अनुभवी परीक्षक करतो आणि मग नाणे क्रमांकाच्या चिठ्ठीसह प्लास्टिकच्या सीलबंद डबीत, म्हणजे स्लॅबमध्ये, बंद होते. ग्रेड १ ते ७० या श्रेणीत असतो. ही श्रेणी विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी मांडली होती आणि तिचा मूळ हेतू किंमत ठरवण्याचा होता : ७० दर्जाचे नाणे १ दर्जाच्या नाण्याच्या सत्तरपट मोलाचे, असा तो हिशेब. किंमत आणि दर्जा यांचे ते नाते पुढे टिकले नाही, आकडे मात्र राहिले. हा इतिहास मला महत्त्वाचा वाटतो, कारण ६३ आणि ६४ हे आकडे तराजूवरच्या वजनासारखे मोजून काढलेले आहेत असा आपला समज होतो आणि वस्तुतः ते जाणकारांचे मत असते. पीसीजीएस १९८६ मध्ये सुरू झाली, एनजीसी १९८७ मध्ये. आणि १९९० मध्येच ग्रेडिंग वस्तुनिष्ठ व सातत्यपूर्ण असल्याच्या जाहिरातींतील दाव्यांवरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने पीसीजीएसविरुद्ध कारवाई केली होती, जी पुढे तडजोडीने मिटली.

विश्वासार्हता तपासण्याचा संग्राहकांचा सर्वांत जुना मार्ग म्हणजे स्लॅब फोडून तेच नाणे पुन्हा पाठवणे. मीही काही मॉर्गन डॉलरांबाबत मुद्दाम तसे केले. अस्सलपणाबद्दलचा निर्णय एकदाही बदलला नाही. सफाईचे किंवा कडेच्या इजेचे दोष जवळजवळ प्रत्येक वेळी पुन्हा तसेच पकडले गेले. बदलला तो ६३, ६४ आणि ६५ यांच्यामधला आकडा. १८८१ चा सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीचा एक डॉलर सांगतो. दिव्याखाली तिरपा फिरवला की झळाळीचे पट्टे त्याच्या पृष्ठभागावर अखंड फिरतात, ठसा तीक्ष्ण आहे, पण नाण्यावरच्या लिबर्टी या स्त्रीमुखाच्या गालावर डोळ्याच्या खाली एक लहान खाच आहे. हे डॉलर हजार-हजारांच्या पोत्यांत भरून ठेवलेले असत, त्यामुळे अशा खाचा सर्रास आढळतात. मात्र गाल हा मोकळा, गुळगुळीत भाग असल्याने तिथली खाच केसांतल्या खाचेपेक्षा कितीतरी जास्त खटकते. पहिल्या वेळी झळाळीला झुकते माप मिळाले आणि ग्रेड ६४ आला. दुसऱ्या वेळी खाचेला मिळाले आणि तो ६३ झाला. दोन्ही निर्णय समजण्यासारखे आहेत. तेव्हा एका अंकाच्या फरकाला मी चूक मानत नाही. परंतु जिथे त्या एका अंकाने किंमत दुप्पट-तिप्पट होते, तिथे केवळ चिठ्ठीवर विसंबून पैसे मोजणे मला मान्य नाही. पुन्हा पुन्हा पाठवण्याच्या या प्रथेचा आणखी एक परिणाम असा की, जुन्या चिठ्ठ्या कंपनीला परत न पाठवल्यास एकच नाणे कंपनीच्या संख्या-अहवालात, म्हणजे कोणत्या ग्रेडची किती नाणी तपासली त्याच्या यादीत, दोनदा मोजले जाते. त्यामुळे वरच्या ग्रेडची नाणी आहेत त्यापेक्षा जास्त दिसतात.

रुपयांच्या बाबतीत अनुभव अधिक गुंतागुंतीचा आहे. आपल्याकडे चांदीचा रुपया हे नाणे होते तसाच तो दागिनाही होता. डाख देऊन कडी बसवलेले, माळेत ओवलेले, राखेने किंवा रांगोळीने घासलेले रुपये आजही बाजारात मोठ्या संख्येने येतात. कडी काढून कड घासली असली, तरी ती खूण दोन्ही कंपन्यांनी न चुकता पकडली आणि अशा नाण्यांना अंक न देता फक्त ‘डिटेल्स’ असा दर्जा दिला. ही त्यांची सर्वांत मोलाची सेवा आहे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. घासल्याच्या बारीक समांतर रेषा व्हिक्टोरिया राणीच्या चेहऱ्यामागच्या मोकळ्या जागेत नाणे विशिष्ट कोनात धरल्याशिवाय दिसत नाहीत, आणि विक्रेत्याच्या छायाचित्रात तर त्या बहुधा दिसतच नाहीत.

याउलट, झीज आणि कच्चा ठसा यांतला फरक ओळखण्यासाठी त्या मालिकेची खास ओळख लागते. पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या अंगरख्यावर एक छोटा हत्ती आहे. १९११ च्या रुपयावर तो डुकरासारखा दिसतो अशी तक्रार झाल्याने पुढच्या वर्षी त्याची आकृती सुधारावी लागली, हे बहुतेक संग्राहकांना ठाऊक असते. अनेक रुपयांवर हा भाग मुळातच नीट उमटलेला नसतो. आजूबाजूची झळाळी शाबूत असेल तर तो सपाटपणा वापराचा नव्हे, ठशाचा समजायला हवा. माझ्या दोन जवळजवळ सारख्या रुपयांपैकी एक ‘मिंट स्टेट’, म्हणजे न वापरलेला, ठरला आणि दुसरा त्याखाली गेला, त्याचे दुसरे कारण मला भिंगाखाली सापडले नाही. आणखी एका रुपयावर तारखेच्या खालच्या फुलाशी मुंबई टांकसाळीचा ठिपका स्वच्छ दिसत असूनही चिठ्ठीवर कलकत्ता छापून आले. कंपनीने ती दुरुस्त करून दिली, पण पाठपुरावा मलाच करावा लागला. मॉर्गन डॉलर परीक्षकांच्या हाताखालून रोज जातात, त्यामुळे त्यांच्या चिठ्ठीवर अशी चूक होणार नाही, असे मला वाटते.

हमीची कलमे मात्र प्रत्येकाने स्वतः वाचावीत. नाणे नकली निघाले किंवा पुनर्तपासणीत ग्रेड खाली आला तर भरपाईची तरतूद आहे. पण चिठ्ठीवरील उघड चुका त्यातून वगळलेल्या असतात आणि तांब्याच्या नाण्यांच्या रंगबदलाबाबतही हमी मर्यादित असते. चूक झाल्यास कंपनी स्वतःच्या खिशातून काय देणार, यावरून तिचा स्वतःच्या निर्णयावर किती विश्वास आहे ते कळते.

बाजाराचा कौलही पाहण्यासारखा आहे. पीसीजीएसच्या सुरुवातीच्या, आत नाणे खुळखुळणाऱ्या स्लॅबना संग्राहक ‘रॅटलर’ म्हणतात आणि त्या काळी ग्रेडिंग कडक होते या समजापायी त्यांना आजही जास्त पैसे मोजतात. एनजीसीचे संस्थापक जॉन अल्बानीज यांनी २००७ मध्ये सीएसी ही संस्था काढली, ती या दोन कंपन्यांनी आधीच ग्रेड दिलेली नाणी पुन्हा तपासून पसंत पडलेल्यांवर हिरवी आणि ग्रेडपेक्षा सरस वाटलेल्यांवर सोनेरी चिकटपट्टी लावते. तपासलेल्याची पुन्हा तपासणी लोक पैसे देऊन करून घेतात, याचा अर्थ एकाच ग्रेडमधली चांगली-वाईट नाणी बाजार वेगळी ओळखतो. ही सोय अमेरिकी नाण्यांपुरतीच असल्याने रुपयांच्या संग्राहकाला मात्र स्वतःच्या डोळ्यांवरच भिस्त ठेवावी लागते. स्लॅबही नकली मिळतात. त्यामुळे क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून तिथले छायाचित्र आणि हातातले नाणे यांची एकेक खाच जुळवून पाहावी. नुसता क्रमांक सापडणे पुरेसे नाही, कारण नकली स्लॅबवर खरा क्रमांक छापता येतो.

महाराष्ट्रातील संग्राहकांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगतो. १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी खासगी व्यक्तीला भारताबाहेर पाठवता येत नाहीत. म्हणजे व्हिक्टोरिया आणि एडवर्ड यांचे रुपये ग्रेडिंगसाठी अमेरिकेला धाडण्याचा विचारच करू नये. सहाव्या जॉर्जचे रुपये त्या मर्यादेत येत नाहीत, तरी पाठवण्यापूर्वी सीमाशुल्काचे नियम पाहून घ्यावेत.

यापुढे मी महागडे आणि ज्यांच्या नकला निघतात असे मॉर्गन डॉलर, तसेच सफाईची शंका असलेले चांगले रुपये पाठवत राहणार आहे. १९१८ च्या रुपयासारखी मुबलक मिळणारी नाणी पाठवणार नाही, कारण त्यांचा ग्रेडिंगचा खर्चच बहुधा नाण्याच्या किमतीहून जास्त होतो आणि त्यांच्यावरचा ठिपका व हत्ती मला घरच्या भिंगाखालीही नीट पाहता येतात.