लोन काढून आत्ता शिकायचं का अग्निवीर होऊन चार वर्षांनी: बाहेर थांबलेल्याचा अनुभव

गेल्या महिन्यात शिरोलीत चहाच्या गाड्यावर आमच्या फाउंड्रीतल्या एका पोरानं विचारलं, दादा तुमच्यात असंच झालंय ना, आमच्या तिनंबी अग्निवीरचा फॉर्म भरायचं डोक्यात घेतलंय, घरचे म्हणतात शिकायला लोन काढू, काय करू सांगा. आता सेकंड शिफ्टला पाच मिनिटं राहिलेली, तिथं काय सांगणार कपाळ. म्हणून जरा सविस्तर लिहितोय. अग्निपथ योजना, म्हणजे चार वर्षांसाठी सैन्यात अग्निवीर म्हणून घेतात ती, चांगली का वाईट हा वाद इथं नको, त्याला टीव्हीवाले आहेत. वय, उंची, फॉर्म कुठं भरायचा हे पण तुम्हाला माहिती असणारच. मी फक्त दोन्ही वाटा जवळनं बघितल्यात आणि दोन्हीकडं मी बाहेर थांबणारा माणूस होतो, त्या जागेवरनं जे दिसलं ते सांगतो.

आमची परिस्थिती आधी सांगतो म्हणजे तुमच्याशी जुळते का बघा. माझं जिच्याशी ठरलंय ती करवीर तालुक्यातली, २०२२ ला बारावी सायन्स, डोक्यात एकच, फॉरेन्सिक सायन्स. पुण्याकडं एका खाजगी विद्यापीठात चार वर्षांचा कोर्स, फी, हॉस्टेल, मेस सगळं धरून दहा लाखाच्या घरात. मामांचा, म्हणजे तिच्या वडिलांचा, भावाभावांत सामाईक असलेला ऊस आणि दोन म्हशी. माझा पगार तेव्हा सतरा हजार. आमची बोलणी घरात झालेली, साखरपुडा नव्हता.

आधी लोनचं. नुसता विचार केला तर लोनच बरं वाटतं आणि आम्हाला पण तेच वाटलं होतं. शिक्षण आत्ता सुरू होतं, अभ्यासाची सवय मोडत नाही, पोरगी पंधरा दिवसांनी का होईना एसटीत बसून घरी येते. हप्ता कोर्स संपल्यावर अजून एक वर्षानं. ४ लाखापर्यंत तारण लागत नाही, साडेसात लाखापर्यंत सरकारची क्रेडिट गॅरंटी, म्हणजे बँकेला हमी, आहे त्यामुळं तिथंपर्यंत पण निभतं. आमचं घोडं त्याच्या पुढं पेंड खाल्लं, कारण आकडा दहाचा होता आणि साडेसातच्या वर गेलं की तारण आलंच.

व्याजाचं मी वहीत मांडलं होतं. दहा टक्के धरलं, दरवर्षी अडीच लाख उचलले, तर चार वर्षं कोर्स आणि पुढचं एक वर्ष मिळून हप्ता सुरू व्हायच्या आधीच साडेतीन लाख व्याज होतं, मग साडेतेरा लाखाचा दहा वर्षांचा हप्ता साधारण १७-१८ हजार बसतो. म्हणजे माझा तेव्हाचा अख्खा पगार. तरीपण मी म्हटलं होतं बघू, दोघं मिळून फेडू, त्यात काय एवढं. व्याजामुळं आम्ही माघार घेतली नाही हे आधीच सांगतो.

माघार घेतली ती एका सहीमुळं.

बँकेचं नाव घेत नाही, गरज पण नाही. पहिल्या फेरीला साहेबांनी विचारलं, तारण काय देताय. मामांनी घराचा ग्रामपंचायतीचा उतारा काढून दिला, तर हा चालत नाही, प्रॉपर्टी कार्ड आणा. गावठाणातल्या घराला प्रॉपर्टी कार्ड कुठलं आलंय आमच्यात. मग शेत. दुसऱ्या फेरीला सातबारा, त्यावर तिघा भावांची नावं, मग म्हणे सगळ्यांची संमती आणा. तिसऱ्या फेरीला सोसायटीचा बेबाकी दाखला. चौथ्या फेरीला दुसऱ्या बँकांचे नो ड्यूज. मामा प्रत्येक वेळी तीच निळी प्लास्टिकची पिशवी, त्यात कागद, कागदांना सुतळी बांधलेली, इस्त्रीचा शर्ट घालून बाकड्यावर बसायचे आणि नंबर आला की उभं राहून बोलायचे, साहेब बसा म्हणाले तरी. मी शेजारी. साहेबांनी एकदा माझ्याकडं बघून विचारलं, हे कोण? मामांनी जरा थांबून सांगितलं, आमच्यातलेच आहेत. खरं तर मी सहकर्जदार व्हायला तयार होतो, पण लग्न झालेलं नाही म्हटल्यावर फॉर्ममध्ये माझ्यासाठी रकानाच नव्हता.

आणि शेवटी अडलं ते मुंबईच्या चुलत्यांच्या सहीवर. माणूस वाईट नाही हो. पण फोन केला की म्हणायचे, अरे सही काय पळून जातीय का, गणपतीला गावाकडं येणारच आहे, तेव्हा बघू. त्या वर्षी गणपती ३१ ऑगस्टला. ॲडमिशनची पहिली फी जुलैत भरायची. मामांनी तीनदा फोन केला, चौथ्यांदा नको म्हणाले. म्हणाले, सख्ख्या भावापुढं पदर पसरायचा आणि त्यानं गणपती दाखवायचा, नको ते शिक्षण. ती आतनं ऐकत होती. तिनं इथंच कोल्हापुरात बीएस्सीला नाव घातलं आणि पुढच्या वर्षी नेव्हीतल्या अग्निवीरचा फॉर्म भरला. मला सांगितलं फॉर्म भरून झाल्यावर, त्यावरनं आमचं चार दिवस बोलणं बंद होतं हा भाग वेगळा.

आता दुसरी बाजू. आकडे तुम्ही वाचले असतील, पण ते शिक्षणाच्या खर्चाला लावून बघा. पहिल्या वर्षी महिन्याला ३० हजार पॅकेज, त्यातले ३० टक्के सेवानिधी नावाच्या फंडात जातात, हातात २१ हजार. चौथ्या वर्षी ४० हजार, हातात २८. फंडात तिचे चार वर्षांचे ५ लाख २ हजार, सरकार तेवढेच घालतं, म्हणजे १० लाख ४ हजार आणि वर व्याज, असं करून शेवटी ११ लाख ७१ हजाराच्या आसपास, त्याला टॅक्स नाही. गंमत अशी की हा आकडा आणि तिच्या कोर्सचा आकडा जवळपास एकच. खायचं, राहायचं, कपडे तिकडंच, त्यामुळं हातातल्या पगारातनं पण ती बाजूला टाकते. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, २५ टक्क्यापर्यंत पोरांनाच पुढं घेतात. पण ज्याला शिकायलाच बाहेर पडायचंय त्याला त्या २५ टक्क्याचा घोर कमी. सेवानिधी प्रत्यक्ष खात्यात पडलेला मी अजून बघितलेला नाही, तिचं तिसरं वर्ष चालू आहे, तेव्हा हे माझं म्हणणं तेवढ्या अंतरानं घ्या.

तयारीचं लिहितो थोडं, कारण सपोर्ट म्हणजे काय ते मला तिथं कळलं. १६०० मीटर आठ मिनिटांच्या आत. पहिल्या दिवशी तिचा टाइम नऊ मिनिटं चाळीस. माझी नाइट असली की सुटल्यावर गाडी थेट कळंब्याकडं, डोळ्यावर झोप, हातात मोबाईलचा स्टॉपवॉच. मी पळालो नाही, खोटं कशाला बोलू. पावसाळ्यात चिखलातनं तिचे बूट दोन किलोचे व्हायचे आणि ती माझ्यावरच ओरडायची की तू बटन उशिरा दाबलंस.

मग कागद. इथं पण कागद होतेच, पण गंमत बघा, लोनच्या वेळी लग्न झालेलं नाही म्हणून अडलं आणि इथं लग्न झालेलं नाही हाच दाखला पाहिजे. अग्निवीरला अविवाहितच लागतं आणि चार वर्षं लग्न करता येत नाही. ग्रामपंचायतीत अविवाहित असल्याचा दाखला काढायला गेलो तर सरपंचांनी सही करता करता मान वर केली, मला बघितलं, तिला बघितलं आणि म्हणाले, नक्की का? सगळं ऑफिस हसलं. पण सही एका मिनिटात झाली, आणि ती एकट्या तिच्या नावावर झाली. ना बापाचा सातबारा, ना चुलत्याची संमती. घरी येताना ती काय बोलली नाही, पण दाखला पिशवीत न ठेवता हातातच धरला होता.

आता तुम्ही जे थांबणार आहात त्यांच्यासाठी. पहिली गोष्ट, फोनचा हिशोब सोडून द्या. ट्रेनिंग ओडिशात चिल्का तळ्याकाठी, आयएनएस चिल्काला, तिथं असताना आठवड्यातनं एकदा बोलणं झालं तरी नशीब. एकदा माझी सेकंड शिफ्ट होती, फोन लॉकरला, रात्री बाराला बघतोय तर तीन मिस्ड कॉल. पुढचा फोन नऊ दिवसांनी. त्या नऊ दिवसांत माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं, आणि फोन आल्यावर ती म्हणते, काय नाही रे, पोहायला जमलं ते सांगायला केला होता. आता पोस्टिंगवर बरंच बरं आहे पण समुद्रात गेली की रेंज नाही म्हणजे नाही. लोन काढून पुण्याला गेली असती तर रोज व्हिडिओ कॉल झाला असता, हे मी नाकारत नाही. ज्याला रोज बोलल्याशिवाय जमतच नाही त्यानं इथंच वाचायचं थांबवून लोनकडं जावं, चेष्टा नाही.

दुसरं, तुमचं नाव कुठंच नसतं. ४८ लाखाचा विमा आहे, त्याचा हप्ता भरावा लागत नाही, नॉमिनी आई-वडील, बरोबरच आहे. पण तो आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी मोबाईल उलटा ठेवला होता. सुट्टी वर्षाला ३० दिवस, त्यात प्रवासाचे दिवस, तिची आजी, मावशी, गावची जत्रा, सगळ्यांचा वाटा गेला की आपल्या वाट्याला दोन मिसळी आणि रंकाळ्याची एक चक्कर येते.

तिसरं म्हणजे तिच्या घरची कामं. मार्च २०२४ ला पासिंग आउट परेडला मामा-मामी दोघं गेले, पुण्याहून कोणार्क एक्सप्रेस, जाऊन येऊन आठवडा. घरात म्हशी दोन, धाकटा भाऊ दहावीच्या परीक्षेला बसलेला. मग धार कोण काढणार? मी. फाउंड्रीत कास्टिंग तपासणारा माणूस, म्हशीच्या बुडात बसलोय. पहिल्या दिवशी मोठ्या म्हशीनं पान्हाच चोरला, अर्धा लिटर पण निघालं नाही, डेअरीवरचा पोरगा किटली बघून म्हणाला, म्हैस रुसलीया का काय. शेवटी मामींची जुनी साडी खांद्यावर टाकून बसलो तेव्हा कुठं चौथ्या दिवशी दूध सोडलं. परेडचे फोटो मला डेअरीच्या रांगेत व्हॉट्सॲपला आले, पांढऱ्या ड्रेसमध्ये पन्नास पोरी, त्यात मला आमची ओळखायला वेळ लागला.

तर माझं मत. लोन वाईट नाही, आणि आमच्या वेळेपेक्षा आता सोपं झालंय हे पण सांगायला पाहिजे. २०२४ च्या शेवटी पीएम विद्यालक्ष्मी आली, सुरुवातीच्या यादीत ८६० संस्था होत्या, तिथं ॲडमिशन असेल तर तारण नको, जामीनदार नको, घरचं उत्पन्न ८ लाखाच्या आत असेल तर १० लाखापर्यंतच्या लोनवर कोर्स आणि त्यापुढचं बिनहप्त्याचं एक वर्ष संपेपर्यंत व्याजात ३ टक्के सूट. तुमच्या तिचं कॉलेज त्या यादीत असेल तर माझं चुलत्याचं सगळं रडगाणं तुम्हाला लागूच होत नाही. तसंच २०२४-२५ पासून आपल्या राज्यात ८ लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना कॅप राउंडनं, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतनं, मिळालेल्या व्यावसायिक कोर्सची फी माफ आहे, खाजगी विद्यापीठं मात्र त्यात नाहीत. हे दोन्ही आधी तपासा, मग बाकीचं. फुकट शिकता येत असताना उगीच पोरीला समुद्रावर पाठवायची हौस कुणाला नसावी.

पण यातलं काही बसत नसेल, आकडा साडेसातच्या वर असेल आणि तारण म्हणून सामाईक सातबाराच असेल, तर मी तरी अग्निवीरकडं झुकेन. चार वर्षं लांब वाटतात, पण ती संपायची तारीख पहिल्या दिवशीच कळते, कॅलेंडरवर गोल करता येतो. चुलत्याच्या सहीला तारीख नव्हती. शिवाय ती आता पैशाचं बोलताना वेगळी बोलते, मामांना विचारत नाही, सांगते. एवढं मात्र बघा की तिला वर्दीचं थोडं तरी वेड पाहिजे. नुसतं फीसाठी गेलेल्या एकीला तिनं आतल्या आत झुरताना बघितलंय आणि मधनं आपल्या मर्जीनं सोडून यायची वाट जवळजवळ नाहीच. आणि बाहेर पडताना वय २३-२४ असणार, तेव्हा पाहिजे त्या कोर्सला वयाची अट, एन्ट्रन्स काय आहे हे फॉर्म भरायच्या आधीच बघून ठेवा. आम्ही ते नंतर बघितलं, आमचं जमून गेलं इतकंच. नोकरीत असताना इग्नूतनं डिग्री करायची पण सोय काढलीय, ५० टक्के क्रेडिट ट्रेनिंगचेच धरतात, पण तिला फॉरेन्सिकच पाहिजे, त्यामुळं तो विषय आमच्यात झाला नाही.

पुढच्या वर्षी नोव्हेंबरला ती सुटते. पुण्याच्या त्या विद्यापीठाचं माहितीपत्रक मी दरवर्षी डाउनलोड करून ठेवतो, फी दोनदा वाढलीय. चुलते यंदा गणपतीला आले की सही करतो म्हणालेत, मामांनी त्यांना अजून सांगितलेलंच नाही की आता नको.